सांध्यातली हवा

ही गोष्ट कुणाला पटो न पटो, घडलेली आहे. साल १९७४. औरादचा आठवडी बाजार, भर दुपार. पाहणारे दोघं होते, हरिबा आणि शेजारचा बांगडीवाला कल्लप्पा.

हरिबाचं काम छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडू देण्याचं. दोन बंदुका, एक फळी. बाजार आणि जत्रा धरून तो आणि बायको गीताबाई हिंडत.

अशा बंदुकीत सगळा खेळ हवेचा. नळीच्या सांध्यातून हवा सुटली की छर्रा फुग्याला लागून खाली पडतो. लोक हसतात. म्हणून सांध्यात चामड्याचा वायसर असतो. हरिबा तो जुन्या चपलेतून कापायचा आणि करडीच्या तेलात भिजवायचा.

हवा सुटते का, हे मात्र गीताबाईच सांगायची.

ती सांध्याजवळ डावा गाल धरायची. हरिबा रिकामा बार काढायचा.

"हितं गार लागायलंय, बघा," ती म्हणायची.

ती कधी चुकली नाही.

त्या हिवाळ्यात तिला दम लागला. दवाखान्यात नाकाला नळी लावली. उशाशी हवेची टाकी. हरिबा दिवसभर जवळ बसून होता. टाकीच्या सांध्यातून बारीक आवाज येत होता...

स्स्स...

त्याला बरं वाटलं. हवा चालू आहे, असं तो समजला.

गीताबाईला बोलता येत नव्हतं. ती सारखी बोट डाव्या गालाला लावत होती. माशी बसत असेल म्हणून हरिबानं तिच्याच पदरानं गाल पुसला. तिनं परत बोट लावलं. त्यानं परत पुसला.

दिवस मावळताना ती गेली.

टाकी काढताना तिथला माणूस सहज बोलला, सांधा ढिला होता, हवा बाहेरच जात होती.



तीन महिन्यांनी तो परत औरादच्या बाजारात बसला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बंदूक मांडीवर होती.

आणि आवाज आला...

स्स्स...

सवयीनं त्यानं सांध्याला साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले. नळी उघडून जुना वायसर काढला, तेलातला नवा बसवला, नळी बंद केली, परत फेस लावला. बुडबुडे अजून येत होते. जरा बारीक.

कल्लप्पा वाकून बघत होता.

"अण्णा, बंदूक तर तू ओढलीच न्हाईस. मग हवा कुठून यायलीय?"

हरिबाचा हात थांबला.

बंदुकीत हवा नव्हतीच.

बुडबुडा फुगत होता, फुटत होता. दोन लगोलग... मग मोठा खंड... मग एक.

खाटेवर गीताबाईचा श्वास असाच चालला होता.

त्यानं सांध्याला डावा गाल लावला. गार लागलं.

"गीता, कळलं गं मला," तो म्हणाला. "आता कळलं."

पण नवं चामडं तेलानं फुगत होतं. सांधा घट्ट होत होता. आवाज बारीक झाला...

आणखी बारीक...

बंद.

हरिबानं खिळ्यानं वायसर उपटला. बोटं रक्ताळली. जुना वायसर परत घातला. मग काहीच न घालता नळी बंद केली. फेस लावला.

एकही बुडबुडा आला नाही.

कल्लप्पा त्याला म्हणाला, "चल घरी." तो उठला नाही.

त्याला आता खूप वर्षं झाली. हरिबा अजून बाजारात येतो. एक बंदूक तो कुणाला देत नाही. तिच्यात वायसर नाही. दुपारी तो तिला फेस लावतो आणि बघत बसतो. फेस उन्हानं वाळून जातो.

त्याचा डावा गाल मात्र भर उन्हातही गार असतो. कल्लप्पानं एकदा हात लावून पाहिला होता.

परत कधी लावला नाही.