हजेरीचा हिरवा दिवा

दातांवर चर्चा करायला समुद्र कशाला हवा, हे धाकटीला कधीच कळलं नव्हतं. पण दंतवैद्यांच्या संघटनेला दरवर्षीच्या परिषदेसाठी जहाजच लागायचं. जहाजाच्या पोटात व्याख्यानं, वर डेकवर पोहण्याचा तलाव. ती स्वतः दंतवैद्य, पण यंदा पहिल्यांदाच आली होती. नाश्ता उरकून, गळ्यात कार्ड अडकवून ती चारचौघांसारखी जिना उतरली. तिला व्याख्यान ऐकायचं नव्हतं. एका माणसाच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं.

सभागृहाच्या दारात यंत्र होतं. कार्ड टेकवलं की टुंग वाजायचं, हिरवा दिवा लागायचा आणि छोट्या पडद्यावर आपला फोटो उमटायचा. झाली हजेरी. परवाना टिकवायला हजेरीचे गुण लागायचे, म्हणून या शहाण्यांनी रीतच पाडली होती. एकाने मित्रांची कार्डं खिशात घालून खाली यायचं, टुंग टुंग करत सगळ्यांना हजर करायचं आणि बाकीच्यांनी वर तलावात डुंबायचं. लाज? ती बहुधा किनाऱ्यावरच ठेवून येत असावेत.

गेल्या वर्षी याच जहाजावरून तिचा दादा समुद्रात पडला. सकाळी तो खोलीत नाही असं खोल्या आवरणाऱ्या बाईने कळवलं, तेव्हा अधिकाऱ्यांनी यंत्र तपासलं. दादा सभागृहात हजर! दुपारीही हजर. जहाज आपलं पुढे चालत राहिलं. दादाचं कार्ड होतं त्याच्या जिवलग मित्राच्या खिशात, आणि तो गुणी मित्र यंदा संघटनेचा अध्यक्ष झाला होता.

तो पहिल्या रांगेत बसला होता. धाकटी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आज व्यासपीठावरून सांगा, की त्या दिवशी दादाचं कार्ड तुम्ही टेकवलंत.”

“हळू बोल, बाळ. यंत्र बिघडलं होतं, असं ठरलंय ना आपलं? आणि आज त्याच्या आठवणीत दोन मिनिटं शांत उभं राहणारच आहोत की आपण.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “वर्षभर शांतच आहात तुम्ही सगळे!”

तो हसला, तिच्या खांद्यावर थोपटून व्यासपीठावर चढला. दिवे मालवले गेले. सभागृहाला खिडक्या नव्हत्या, त्यामुळे भर सकाळी मिट्ट काळोख झाला. मोठ्या पडद्यावर दादाचा हसरा फोटो आला आणि अध्यक्षांनी गळा दाटल्यासारखा आवाज काढला.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. ठक... ठक.

त्या भिंतीपलीकडे नुसतं पाणी होतं. पण ती ठकठक धाकटीच्या ओळखीची होती. दुखणारा दात सापडत नसला की दादा दात तपासायच्या छोट्या आरशाच्या दांड्याने एकेक दात असाच ठोकून बघायचा. दोनदा ठक, मग जरा थांबायचं, मग पुढचा दात. आवाज भिंतीतून तसाच सरकत निघाला, मागच्या रांगेपासून पुढे. ओल्या गालिच्याचा, खारट, कुबट वास पसरला. खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली.

“कोण... कोण ठोकतंय?” अध्यक्ष म्हणाले.

आवाज व्यासपीठामागे आला. ठक... ठक. बरोबर त्यांच्या पाठीशी येऊन तो थांबला. दुखरा दात सापडला की दादा असाच थांबायचा.

दाराशी टुंग वाजलं. हिरव्या उजेडात छोट्या पडद्यावर दादाचा फोटो होता आणि दारात कुणीच नव्हतं.

“मी... मी आलोच,” एवढं पुटपुटून अध्यक्ष बाजूच्या दाराने बाहेर पळाले.

‘बोट लागली वाटतं त्यांना,’ म्हणून लोक हसले. दिवे लागले, चहा झाला आणि पुन्हा दिवे मालवून पुढचं व्याख्यान सुरू झालं. अळीमिळी गुपचिळीची त्यांना सवयच होती. धाकटी दाराजवळच्या खुर्चीवर बसून होती. ते एक वाक्य काही तिला मिळालं नव्हतं.

जहाजावरचा एक अधिकारी घाईने तिच्याजवळ आला.

“मॅडम, तुमचे अध्यक्ष दिसले का? वर कठड्यापाशी त्यांचा एक बूट सापडलाय...”

टुंग.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर अध्यक्षांचा फोटो उमटला. दार रिकामं होतं, फक्त उंबऱ्यावरचा गालिचा काळाभोर भिजत चालला होता.

“अरे, आत्ताच आत आले वाटतं,” अधिकाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. “आलेत ना, मॅडम?”

भिंतीत आता ठकठक नव्हती. पाण्याकडून कुणीतरी दोन्ही तळहातांनी जिवाच्या आकांताने थापा मारत होतं, आणि तो आवाज मागे मागे पडत चालला होता. नाही म्हटलं असतं, तर जहाज वळलं असतं. हे तिच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिला दादा आठवला. ती दोन मिनिटांची शांतता आठवली. खांद्यावर थोपटणारा तो हात आठवला.

“हो,” ती म्हणाली. “हजर आहेत.”

अधिकारी निघून गेला. थापा थांबल्या.

टुंग.

धाकटीने मान वळवली. हिरव्या उजेडात, छोट्या पडद्यावर, तिचा स्वतःचा फोटो होता. तिचं कार्ड तिच्याच गळ्यात होतं, मुठीत घट्ट धरलेलं.