वाक्याचं शेपूट

दृष्टिशास्त्र प्रयोगशाळेच्या टेबलावर डॉ. सुलक्षणा वर्तकांनी दोन पानं शेजारी शेजारी आपटली. एक होतं इस्पितळातून हट्टाने मागवलेल्या छापील अहवालाचं, दुसरं चलपत्र. कागदाइतकं पातळ, विजेवर चालणारं हे पान सुलक्षणाबाईंसकट औषध समितीच्या नऊही सभासदांना दिलेलं होतं. घडी करून खिशात टाकावं आणि ऑफिसबाहेर कुठेही फायली वाचाव्यात, ही त्यातली सोय.

छापील पानावर होतं, 'ज्वरशामक दिलेली दोन बाळं वाचली नाहीत.' चलपत्रावर होतं, 'ज्वरशामक दिलेली दोन बाळं वाचली.'

"बिघडलंय का हे?"

याच प्रयोगशाळेतला चलपत्राचा रचनाकार अन्वर मुजावर याने पान उजेडात धरलं. "नाही मॅडम. ते वाचणाऱ्यांचे डोळे बघत असतं. बहुतेकांची नजर जिथे पोचत नाही, तो मजकूर ते सगळ्यांसाठीच गाळायला शिकतं. वेळ वाचावा म्हणून. तुमचे सभासद वाक्याचा शेवटचा शब्द न बघताच पुढे उडी मारतात."

"आणि मराठीत नकार शेवटीच येतो."

अन्वरचा चेहरा उतरला. "आमच्या चाचण्या इंग्रजी कागदांवर झाल्या. तिथे तो आधीच येऊन जातो. इथे 'आहे', 'झाले' गळाले तरी कुणाचं काही अडलं नाही. तक्रारच आली नाही."

त्याने नजरांची नोंद उघडली. तीत वाचणाऱ्यांची चित्रंही होती. बाळांच्या मृत्यूचं पान एकाने संडासात बसून उरकलं होतं, दुसऱ्याने क्रिकेट बघताना. अध्यक्ष नाईकवाडे झोपाळ्यावर श्रीखंड खात होते. पानाने चिकट बोटाचा स्पर्शही इमानाने टिपला होता. यंत्राचा सुलक्षणाबाईंना राग नव्हता, किळस आली ती या माणसांची.

मग त्यांना सकाळी पाठवलेलं स्वतःचं टिपण आठवलं. 'बाळांना हे औषध देण्यास माझी संमती नाही.' त्यांनी घाईघाईने अध्यक्षांना फोन लावला.

"अहो वर्तकबाई, तुमची संमती वाचली की," नाईकवाडे भरल्या तोंडाने म्हणाले.

"संमती नाही, नकार होता तो. पान शब्द खातंय. परवान्यावर सही करू नका, तुमच्या सहीसरशी औषध दवाखान्यांत जाईल."

"मग तसं चलपत्रावर पाठवा ना. तोंडी नियमात बसत नाही. माझं ताट वाढलंय, जेवता जेवता बघतो." फोन बंद झाला.

"ओंगळ माणूस," सुलक्षणाबाई पुटपुटल्या. "शेपूट कापतं ना हे? मग शेपूट ठेवतच नाही." त्यांनी चलपत्रावर एकच शब्द लिहिला, 'नको', आणि पाठवून दिला.

अन्वरचा हात पुढे आला तोवर उशीर झाला होता. "मॅडम, शब्द एकच असला, तर शेवटचाही तोच."

त्यांनी पुन्हा फोन लावला. तो बंदच होता. तेवढ्यात चलपत्रावर उत्तर उमटलं.

'तुमचं पान कोरंच. म्हणजे तुमची काही हरकत. परवान्यावर आत्ताच सही.'

तिन्ही वाक्यांची शेपटं तुटलेली होती. सुलक्षणाबाईंनी ती मनातल्या मनात एकेक करून जोडली. आलं. नाही. केली.