पुढचे चार डबे

"आज तीन!" ताई म्हणाली.

"छे! पाच तरी." प्रोफेसरने वहीत आकडा लिहूनही टाकला.

"आणि मी म्हणते, सात!" टिकली उड्या मारत ओरडली. "जो हरेल तो पाणी भरेल. मग रडायचं नाही हं!"

खाणीच्या गावातलं ते शेवटचं स्टेशन. दिवसाला एकच गाडी. दुपारी एकला यायची, रात्रभर उभी राहायची आणि सकाळी सहाला परत जायची. ताई आणि तिचा धाकटा भाऊ सुट्टीत मामाकडे आले होते. मामा तिथला स्टेशनमास्तर आणि टिकली त्याची एकुलती एक लेक. ताईच्या भावाच्या नाकावर चष्मा आणि हातात कायम वही, म्हणून तो प्रोफेसर. टिकली दहा वर्षांची, पण तोंड असं चालायचं की विचारू नका!

आणि खेळ होता चुकलेले परदेशी पाहुणे मोजायचा. शहरातून सुटलेली गाडी जंक्शनला तुटायची. चार डबे समुद्राकडे, बंदराला जायचे आणि चार इकडे, खाणीला. रोज दोनचार परदेशी पाहुणे बंदराला म्हणून निघायचे आणि इथे येऊन उतरायचे. उतरल्यावर समुद्र शोधत इकडेतिकडे बघायचे, तर समोर दगडांचे ढीग! त्यांचे चेहरे टिकली इतके हुबेहूब करून दाखवायची की हसून हसून ताईचं पोट दुखायला लागायचं.

"डोळे मिटून चढतात हे लोक," मामा म्हणायचा. "बत्तीस वर्षं या मार्गावर आहे मी. घाई, दुसरं काय!" पण माणूस मायाळू. सगळ्यांना चहा द्यायचा, वेटिंग रूममध्ये झोपायला घोंगड्या द्यायचा.

त्या दिवशी एकच बाई उतरली. साठीची, निळी टोपी, हातात छोटी बॅग. तिने समुद्र शोधला नाही. ती सरळ मामाकडे धावली, त्याच्या हातात एक कागद दिला आणि भराभर बोलायला लागली. मामाला तिची भाषा कामापुरती यायची. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं बाबा?" टिकलीने विचारलं.

"हिचा भाऊ बंदराच्या दवाखान्यात आहे. एकुलता एक भाऊ. डॉक्टरांनी कळवलंय, आजचा दिवस काढेल की नाही सांगता येत नाही. बिचारी तीन दिवस प्रवास करून आलीय!"

खेळ तिथेच संपला. परतीची गाडी उद्या सकाळी. रस्त्याने बंदर पाच तासांवर. ताई म्हणाली, "खाणीतला ट्रक! दगड घेऊन तो बंदरालाच जातो ना?" आणि तिघंही धूम पळाली. ट्रकवाला इंजिन सुरू करून निघालाच होता. प्रोफेसर सरळ ट्रकच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"मरायचंय का रे?" ट्रकवाला ओरडला.

"काका, थांबा! एका बाईला न्यायचंय!" प्रोफेसरला धाप लागली होती. बाकीचं ताईने सांगितलं.

ट्रकवाल्याने कपाळावर हात मारला. "बसवा लवकर!"

बाई ट्रकमध्ये चढली तेव्हा तिच्या हातातून एक पुस्तिका खाली पडली. टिकली ती द्यायला धावली, पण ट्रक निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ट्रकवाला परत आला. तिघंही फाटकापाशी वाट बघत होती.

"भेटला?" टिकलीने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. "रस्ता सगळा उखडलेला. सात वाजले पोचायला. तिचा भाऊ सव्वाचारला गेला. दुपारभर विचारत होता म्हणे, बहीण आली का, बहीण आली का. ती पायरीवर बसून राहिली. मला निघवेना, पण थांबून तरी काय करणार?"

बंदराचे डबे दोनला पोचतात. म्हणजे योग्य डब्यात बसली असती, तर बाईला भावाजवळ चांगले दोन तास मिळाले असते. हा हिशोब तिघांनीही मनात केला. मग टिकली हमसून हमसून रडायला लागली. "आपण आठ दिवस हसत होतो गं ताई! रोज हसत होतो!"

ताईलाही स्वतःचीच लाज वाटत होती.

प्रोफेसर मात्र ती पुस्तिका घेऊन बसला होता. परदेशी पाहुण्यांना रेल्वेने प्रवास कसा करावा हे सांगणारी सरकारी पुस्तिका. भाषा कळत नव्हती, पण चित्रं होती. तिकीट कुठे घ्यायचं, सामान कुठे ठेवायचं. एका पानावर आठ डब्यांची गाडी, पुढचे चार डबे लाल आणि त्यांच्यावर जहाजाचं चित्र.

"ताई! हे लोक डोळे मिटून चढत नाहीत. पुस्तिका वाचून चढतात!"

"मग चुकतात कसे?"

त्याने आठ काडेपेट्या ओळीने मांडल्या. "जंक्शनच्या आधी पुलाच्या स्टेशनात गाडी उलटी फिरते, आठवतं? इंजिन सुटतं आणि मागच्या बाजूला येऊन लागतं. नवा मार्ग झाल्यापासून चार महिने हे असंच चाललंय. म्हणजे शहरात जे पुढचे चार डबे, ते तिथून मागचे. आणि जंक्शनला पुढचे चार बंदराला जातात!"

"म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणाराच चुकतो!" ताई उठूनच उभी राहिली. "इथल्या लोकांना माहीत असतं, म्हणून बंदराला जाताना ते मागे बसतात. अरे देवा! छापलं कोणी हे?"

मामाला हे सांगितलं तर तो लालबुंद झाला. "कोण हा गाढव? जंक्शनच्या माहिती कचेरीत जा उद्या. माझा पास घ्या. आणि त्याचा कान धरून आणा माझ्यापुढे!"

माहिती कचेरीतला बाबू नखं कापत बसला होता. "लहान मुलांना माहिती मिळत नाही," तो वर न बघताच म्हणाला.

ताईने चेहरा शक्य तितका भोळा केला. "शाळेचा प्रकल्प आहे काका. आमच्या बाई म्हणाल्या, पुस्तिका कशी काढावी हे शिकायचं तर तुमच्याकडेच जा. पण तुम्ही कामात आहात. आम्ही दुसऱ्या कचेरीत विचारतो."

"दुसऱ्या? कोणत्या दुसऱ्या?" बाबूने नखं कापायचं थांबवलं. "इथे या! बसा! ही पुस्तिका मी एकट्याने काढलीय!" आणि त्याने धूळ झटकून फाईल उघडली.

"यात चूक झाली तर?" प्रोफेसरने पेन्सिल सरसावली.

"चूक? तपासून घेतो आम्ही! हे बघ, कच्चं पान. मीच खाली विचारलंय, 'गाडी आता उलटी फिरते, तरी पुढचेच डबे ठेवायचे का? पाहून कळवावे.' मार्गावरच्या सगळ्यात जुन्या मास्तरांकडे पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, मी छापलं. माझं काम संपलं."

पानाच्या तळाशी निळ्या शाईत लिहिलं होतं, 'वाचले. बरोबर आहे.' आणि लांब शेपटीची सही.

टिकलीने ती सही पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या प्रगतिपुस्तकावर दर तिमाहीला तीच सही असायची. न उघडता केलेली.

"हे पान घेऊ?" तिने अगदी हळू विचारलं.

"घे की. रद्दीतच जायचंय."

परतीच्या गाडीत टिकली म्हणाली, "फाडून टाकू? कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही," ताई म्हणाली. टिकलीने हो म्हणावं असं तिला मनापासून वाटत होतं. मामा तिचाही लाडका होता.

पण त्याच गाडीत पलीकडच्या बाकावर एक परदेशी जोडपं बसलं होतं. मांडीवर तीच पुस्तिका. दोघं खिडकीतून समुद्र शोधत होती. टिकलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पान घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवलं.

स्टेशनात मामा दारातच उभा होता. "सापडला का गाढव?"

टिकलीने पान पुढे केलं.

मामाने चष्मा लावला. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. तो खुर्चीत बसला तेव्हा एकदम म्हातारा दिसायला लागला. "त्या दिवशी वीस कागद आले होते," तो म्हणाला. "मला वाटलं, नेहमीचंच असेल काहीतरी." मग त्याने स्वतःच मुख्य कचेरीला फोन लावला आणि चूक आपली आहे, असं स्वच्छ सांगितलं.

दोन दिवसांत पुस्तिका मागे घेतल्या. चौथ्या दिवशी मोठे साहेब आले. बरोबर बाबूही होता, खाली मान घालून. साहेबांनी सगळ्या गावासमोर तिघांच्या पाठी थोपटल्या. "कमाल केलीत! आमच्या एवढ्या मोठ्या खात्याला चार महिने जे दिसलं नाही, ते तुम्ही दोन दिवसांत शोधलंत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब आत गेले आणि मामाला कामावरून दूर केल्याचं पत्र देऊन निघून गेले. रेल्वेचं राहतं घर शनिवारपर्यंत सोडायचं होतं.

मामी भांडी खोक्यात भरत होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा टिकलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगत होता, "माझ्या पोरीने पकडलं मला. हुशार आहे माझी पोरगी! शाबास!" लोकही शाबास म्हणत होते.

दुपारी लोक पांगले, तेव्हा टिकली त्याच्या जवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, मला एकदा रागवा ना."

"का गं?"

"रागवा ना! मोठ्याने!"

मामाने तोंड उघडलं, पण त्याला ते जमलं नाही. त्याने तिला जवळ घेतलं आणि पुन्हा एकदा शाबास म्हटलं.