दोन भिंतींच्या मधोमध

माझा ड्रोन खिडकीतून थेट त्याच्या प्रयोगशाळेत घुसला, आणि मागोमाग धापा टाकत मी.

"कुणाला लागलं नाही ना?"

"माश्यांना नाही. माझा चहा मात्र गेला." तोंडावरची जाळी वर करत तो हसला. शेजारच्या इमारतीत मधमाश्यांचा अभ्यास करणारा तो हाच. आमच्याकडे सगळे त्याला 'माशीवाले' म्हणत. डोळे मात्र... जाऊ दे.

"उपग्रहाचा सिग्नल बंद केला की हा असाच भरकटतो," मी म्हटलं. "आणि बोगद्यात सिग्नल कुठून येणार?"

"बोगद्यातच कशाला उडवायचाय?"

"माझा दादा बचाव पथकात आहे. कुठे काही कोसळलं की आत पहिला तो शिरतो. मला त्याच्याआधी हा आत पाठवायचाय."

त्याने जाळी काढून ठेवली. मग पट्ट्यापट्ट्यांच्या भिंती असलेल्या एका अरुंद खोक्यापाशी मला घेऊन गेला. आत एक माशी बरोबर मधून उडत होती.

"दोन्ही भिंती सारख्याच वेगाने मागे सरकतायत ना, एवढंच ती बघते. डावी जास्त पळायला लागली, की ही उजवीकडे सरकते."

"आणि वळताना? तेव्हा तर सगळंच फिरतं!"

"तेव्हा ती डोकं स्थिर ठेवते. तुमच्या ड्रोनला डोकं नाही—"

"पण वळण मोजणारा सेन्सर आहे! तेवढं फिरणं वजा केलं तर..."

"डोकं तुमच्याकडे आहे तर," तो म्हणाला. माझे कान तापले.

मग रोज संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात. ड्रोन आपटायचा, मी दुरुस्त करायचे, तो भिंतींऐवजी पट्ट्यांचे पडदे धरायचा. "त्या यंत्राशीच लग्न लावून देऊ का?" आई फोनवर वैतागायची.

आणि एक दिवस खरंच बोगदा कोसळला. दोन कामगार आत अडकले. आम्ही पोचलो तेव्हा दादा हेल्मेटचा पट्टा आवळत होता.

"इथे प्रयोग नकोत," पथकाचे साहेब म्हणाले.

मी हलले नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, आधी तिचा जाऊ दे."

ड्रोन आत गेला. पुढे गुळगुळीत सिमेंटची भिंत... कॅमेऱ्याला धरायला ना पट्टा, ना खूण. पडद्यावरचं चित्र थरथरलं.

"परत बोलवा!" साहेब ओरडले.

"नाही. एवढा टप्पा तो नुसत्या हालचालीच्या अंदाजाने काढेल." मी पडद्यावरून नजर हलवली नाही. माशीवाल्यांनी माझा हात घट्ट धरला.

मग दगड दिसले, ड्रोन सावरला. पलीकडे दोन दिवे, आणि हलणारा एक हात! पण डावीकडे छताची एक अख्खी शिळा लोंबत होती. दादा उजव्या भिंतीला चिकटून आत गेला, आणि दोघांना घेऊन बाहेर आला.

माझा हात अजून माशीवाल्यांच्याच हातात होता.

"मला तू आवडतोस," मी सरळ म्हटलं. "काय ते आत्ताच सांग."

"अहो, मी... म्हणजे तुम्ही—"

"तुम्ही?"

"तू," तो म्हणाला. "केव्हापासून म्हणायचं होतं."

"आधी मला पाणी द्या कुणीतरी," धुळीने माखलेला दादा मागून ओरडला, "मग काय ते तू-तू करा!"

त्याने दादापुढे बाटली केली — डाव्या हाताने. उजवा त्याने माझ्या हातातून सोडवलाच नाही.