दहापैकी सात

माझी प्रेमकथा एका कवळीपासून सुरू होते. हसू नका. गुलाबापासून सुरू होणाऱ्या पुष्कळ असतात. मी माझी सांगते आहे.

कवळी आत्याची होती. आत्यानं आमच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं इंग्रजी बोलायचा क्लास चालवला आणि दात गेल्यावर एके दिवशी खडू माझ्या हातात दिला. "शिट्ट्या मारत इंग्रजी शिकवणार नाही मी," म्हणाली. तेव्हापासून क्लास माझा. पद्धत मात्र तिचीच. रोज एक शब्द घ्यायचा, बोलण्यात तो कसा कसा येतो ते फळ्यावर लिहायचं आणि प्रत्येकानं स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य करायचं. खोटं वाक्य चालत नाही.

त्या संध्याकाळी फळ्यावर 'टाइम' होता. 'किल टाइम' लिहून मी अर्थ सांगत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला—

"वेळेला ठार मारायचं? तिनं काय घोडं मारलंय यांचं?"

वर्ग फिस्सकन हसला. दारात एक उंच माणूस उभा होता. हातात छोटी डबी, नखांत पांढरं प्लास्टर.

"आपण नाही का वेळ मारून नेत?" मी म्हटलं. "क्लासला आलात?"

"नाही... दात द्यायला आलोय."

मागच्या गल्लीत दात बनवायची लॅब होती, तिथला तो कारागीर. आत्यानं त्याचं नाव 'दातकार' ठेवलं. कवळी टोचते का ते बघायला तो तीनदा आला आणि चौथ्या वेळी सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

"खरंच इतकी टोचते का गं?" मी आत्याला विचारलं.

"पहिल्या दिवशी टोचली. नंतर मी काही म्हणतच नव्हते. तोच आपला विचारायला यायचा."

पण क्लासला बसायचं कारण वेगळं होतं. त्याची मोठी बहीण दूर परदेशात होती. मेहुणे वर्षापूर्वी अचानक गेले, पदरात दोन लहान मुलं. तिकडच्या एका लॅबमध्ये जागा निघणार होती आणि मुलाखत इंग्रजीत होती. "तीन महिन्यांत बोलता आलं पाहिजे, मॅडम." म्हणजे मी जितकं चांगलं शिकवीन तितका तो लवकर जाणार. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी जीव लावून बसले.

त्याला बोलायला वेळ लागायचा. मराठीतही. शब्द ओठांशी यायचा, थांबायचा, मग बाहेर पडायचा. मी म्हणायची, "टेक युअर टाइम."

"हा टाइम घ्यायचा कुठून?"

"कुठून नाही हो. सावकाश होऊ द्या, घाई नाही, असं."

"असं मला अजून कुणी म्हटलं नव्हतं..." म्हणाला आणि वहीत मान घातली. माझे कान उगीचच तापले.

त्याची वाक्यं ऐकायला वर्ग टपलेला असे. 'इन नो टाइम' दिलं तर म्हणाला, मॅडमना इन नो टाइम राग येतो. 'ऑल द टाइम' दिलं तर, "मी ऑल द टाइम तिकडेच बघत असतो."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"फळ्याकडे."

फळ्यापुढे मी उभी होते. पहिल्या बाकावरच्या दोन नर्सबाईंनी एकमेकींना कोपर मारलं. मी पाठ फिरवून 'फॉर द टाइम बीइंग' लिहायला घेतलं आणि खडू मोडला.

क्लास सुटला की तो फळा पुसायला थांबायचा. एकदा म्हणाला, "दात पांढरे नसतातच, मॅडम. सोळा छटा असतात. माणसागणिक मिळवून बघावी लागते."

"माझी कुठली?"

"हसल्याशिवाय कशी सांगू?"

हसले मी. तो कितीतरी वेळ बघत राहिला. "मिळाली," म्हणाला, पण कुठली ते काही सांगितलं नाही.

मग तो मंगळवार आला. खऱ्या मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मी प्रत्येकाची खोटी मुलाखत घेते. टेबलावर गजराचं घड्याळ, प्रत्येक उत्तराला दोन मिनिटं. गजर झाला की उत्तर थांबवायचं आणि मी मार्क द्यायचे. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "ही जागा सोडून तुम्हाला का जायचंय?"

त्यानं एकदा घड्याळाकडे बघितलं. मग इंग्रजीतच, एकेक शब्द ठेवत बोलू लागला. जायचं नाहीये. बहिणीसाठी जावं लागतंय. पण इथे... इथे एक व्यक्ती आहे. तिनं एकदा जरी म्हटलं—

गजर झाला.

"टाइम्स अप," मी म्हटलं.

देवाशपथ सांगते, मला कळलं होतं. पण रोजची सवय, तोंड आधी बोललं. आणि तोंड बोलल्यावर घाबरून हात मार्कांच्या तक्त्याकडे गेला. गजर बंद करून "पुढे?" एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. वाटलं, मी 'जाऊ नका' म्हटलं आणि तिकडे त्या बहिणीचे हाल झाले, तर जन्मभर हा माझ्याकडे कसा बघेल?

"किती?" त्यानं विचारलं.

"दहापैकी सात."

"बरे आहेत," तो म्हणाला, आणि त्या दिवशी फळा न पुसताच गेला.

मुलाखत झाली, जागा मिळाली. ते सांगायला तो आला तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

त्यानंतर दोन महिने तो आला नाही. आत्या माझ्याकडे नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "उद्या जातोय तो. तू काय टाळ्याच वाजवत बसणारेस?"

"तुला एकटीला टाकून मी कुठे जाऊ, आत्या?"

"जा कोण म्हणतंय? माझं नाव पुढे करू नकोस. आधी बोल तरी!"

भर दुपारी लॅबमध्ये गेले. मेणाचा गोडसर वास, फडताळात ओळीनं प्लास्टरचे जबडे. तो हत्यारं पुसून कापडात गुंडाळत होता. मी दारातूनच बोलून टाकलं, नाहीतर परत फिरले असते.

"मला तुम्ही हवे आहात. त्या दिवशी सगळं कळलं होतं मला. मी घाबरले."

त्यानं हातातली कोरणी खाली ठेवली.

"त्या मंगळवारी ताई इकडे परत यायला तयार होती," तो म्हणाला. "रडत म्हणाली होती, तू येत नसलास तर मीच येते मुलांना घेऊन. मी म्हटलं, एका माणसाला विचारून सांगतो..."

"आणि आता?"

"आता तिनं घर घेतलंय तिकडे. मुलांची शाळा ठरवली. माझी खोली मुलांनी रंगवलीय, फोटो पाठवलाय. निळी." त्यानं कोरणी उचलली आणि पुन्हा ठेवली. "कुठल्या तोंडानं सांगू तिला?"

जाऊ नका, असं मला ओरडावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "नकाच सांगू."

मग आम्ही दोघं त्या प्लास्टरच्या जबड्यांसमोर स्टुलांवर बसून राहिलो. त्याचा हात माझ्या हातात होता, खरखरीत आणि गरम. मी रडले. तोही रडला. मधेच त्याला हसू आलं, म्हणाला, "हे सगळे दात काढतायत आपल्याला." मग आणखीच रडू आलं.

मी उठले. तो दारापर्यंत आला. इतके महिने 'मॅडम, तुम्ही' म्हणणारा तो माणूस माझ्या ओढणीला लागलेलं प्लास्टर झटकत म्हणाला, "नीट जा. घरी पोचलीस की सांग."

सातासमुद्रापार तो जाणार होता. माझं घर पुढच्याच गल्लीत.

पाच मिनिटांत पोचले. आत्यानं पाणी आणून दिलं. फोन हातात घेऊन बसले. पोचले म्हणून कळवलं असतं तर त्याची काळजी संपली असती, आणि त्याच्या त्या काळजीवरच माझा काय तो हक्क उरला होता.

आज दीड वर्ष झालं. पोचले म्हणून मी अजून कळवलेलं नाही.