डावी जुडी, उजवी जुडी

माकडानं पिशवी हिसकावली तेव्हा वैजयंतीबाई लेण्याद्रीच्या शंभराव्या-सव्वाशेव्या पायरीवर होत्या, आणि ओठांवर अथर्वशीर्ष होतं.

"अगं बाई... माझ्या दुर्वा!"

माकड कठड्यावर जाऊन निवांत बसलं. पिशवीतली जास्वंद त्यानं चवीनं खाल्ली. मग आतलं लांबट खाकी पाकीट बाहेर काढलं आणि त्याचा एक कोपरा चावून पाहिला.

"हलू नका बाई. आन् त्याच्या डोळ्यात बगू नका," मागून कुणीतरी म्हणालं. "मी बगतो."

एक उंच, सावळे गृहस्थ पुढे झाले. खिशातून मूठभर भाजलेल्या शेंगा काढून त्यांनी पायरीवर ठेवल्या. "घे राव. आन् बाईंचं सामान सोड." चार पायऱ्या खाली उतरून ते माकडाकडे पाठ करून उभे राहिले, जसं काही त्यांना या प्रकरणाशी देणंघेणंच नाही.

आणि ती पाठ बघून वैजयंतीबाई चमकल्या. डावा खांदा किंचित उतरता, मानेवर केसांच्या खाली एक ठसठशीत तीळ... ही पाठ त्यांनी रोज पाहिली होती!

"तुम्ही... सकाळच्या सहाच्या गाडीचे ड्रायव्हर ना?"

गृहस्थ वळले. पांढऱ्या मिशा, आणि मिशांआड लाजरं हसू. "व्हतो. सहा म्हैने झाले रिटायर हून. मी कुंडलिक, वारूळवाडीचा."

"नऊ वर्षं तुमच्या मागच्या सीटवर बसले मी. तोंड आज बघतेय!"

"मी तुमचं रोज बगत व्हतो," ते बोलून गेले, आणि लगेच जीभ चावली. "म्हंजी... आरशात. ड्रायव्हरला आरशात बगावंच लागतं."

वैजयंतीबाईंनी पदर सावरला. पंचावन्नाव्या वर्षी गालांवर असं ऊन चढावं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मार्गशीर्षातली थंडी होती, तरीही.

माकड शेंगांवर उतरलं होतं. कुंडलिकरावांनी पिशवी उचलली, दुर्वांच्या दोन्ही जुड्या झटकून आत ठेवल्या. पाकीट देताना त्यांची नजर वरच्या अक्षरांवर पडली— 'स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज'. त्यांचा चेहरा उतरला, हे बाईंनी पाहिलं.

जुन्नरहून सहाची एसटी, तासाभरानं घाटाखालचा फाटा, तिथून वीस मिनिटं चढ, आणि मग डोंगरातल्या वाडीची दोन खोल्यांची शाळा. वैजयंतीबाईंचा हा रस्ता होता. सव्विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून शाळा हेच त्यांचं घर. मूलबाळ नव्हतं. भाचा होता, सुदर्शन, पुण्याला. त्यानं नवा फ्लॅट घेतला होता आणि दर रविवारी शेजारच्या बूथवर त्याचा फोन यायचा. "मावशी, तुझी खोली तयार आहे. गुडघे बघ तुझे. अजून तीन वर्षं कशाला ओढतेस?"

त्याचं खोटं नव्हतं. चढावर आता गुडघे कुरकुरायचे. म्हणून अर्ज लिहिला होता. फक्त तारीख टाकायची बाकी होती, आणि तारीख टाकायला हात धजत नव्हता. मग त्यांनी ठरवलं होतं, संकष्टीला गिरिजात्मजालाच विचारायचं.

"एक विचारू का?" बाकीच्या पायऱ्या चढताना त्या म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर... कसं वाटतं हो?"

कुंडलिकराव बाईंच्या चालीला चाल लावून चढत राहिले.

"पहाटं साडेतीनला जाग येती," ते शेवटी म्हणाले. "उठतो, च्या टाकतो, बूट घालतो... आन् मंग आठवतं, कुटं जायाचंच न्हाई. मंडळी जाऊन सात वरसं झाली. लेक अश्विनी अवसरी खुर्दला दिलीय. मंग तसाच बूट घालून वट्यावर बसतो, उजाडंस्तोवर."

गाभाऱ्यात शांत गारवा होता. इथला देव पाठमोरा. डोंगरातच प्रकटलेला, भक्तांकडे पाठ करून बसलेला. बाईंच्या आईची एक रीत होती. कोडं पडलं की ती देवापुढं दुर्वांच्या दोन जुड्या उभ्या टेकवून ठेवायची, आणि डोळे मिटून एक आवर्तन म्हणायची. जी जुडी आधी ढळेल, तो कौल. बाईंनी तशाच दोन जुड्या दगडी कठड्याला टेकवल्या. उजवी ढळली तर नोकरी करायची. डावी ढळली तर अर्ज द्यायचा.

'बाप्पा, मी थकलेय का, तूच सांग.'

त्यांनी डोळे मिटले. आवर्तन संपवून उघडले तर— उजवी जुडी खाली पडलेली, डावी जागेवर. शेजारी वाकलेले कुंडलिकराव सरळ उभे राहत होते. नमस्कार करत असतील.

खाली उतरताना बाईंना गुडघे आहेत की नाहीत हेच आठवलं नाही. पायथ्याशी कुंडलिकरावांनी थर्मास उघडला. "उपासाला च्या चालतो ना? आलं घालून केलाय."

चालतो, त्या म्हणाल्या. आणि असा चहा आपल्याला आयुष्यात कुणी करून दिला नव्हता, हे मात्र त्यांनी मनातच ठेवलं.

*

पुढच्या आठवड्यात सहाच्या गाडीत मागच्या सीटवर कुंडलिकराव बसलेले. हातात पेरूंची पिशवी.

"तुम्ही? इकडे कुठे?"

"आवो, बत्तीस वरसं ह्या गाडीच्या म्होरं बसलो. मागून कसं दिसतं ते बगाया आलो." मग हळूच, "ड्रायव्हर गिअर चुकीचा टाकतोय. माझा पाय सारखा ब्रेकवर जातोय!"

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. वळणावळणाला कुंडलिकरावांचा पाय खरंच रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता.

शाळेत पोरांनी त्यांना घेरलं. तोंडानं हॉर्न वाजवून दाखवा, घाट चढवून दाखवा... शाळेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या गोजरबाईंनी ओसरीवरून सगळं पाहिलं.

"बाई, पावणं कोनाचं म्हनायचं?"

"आमच्या गाडीचे ड्रायव्हर होते ते."

"आसं व्हय! गाडी तर फाट्यावरच ऱ्हायली. पावणं तेवढं वर चढलं!" गोजरबाई डोळे मिचकावत म्हणाल्या. "पेरू ग्वाड हायती पर. ऱ्हाऊ द्या, येऊ द्या."

पेरू दर आठवड्याला आले. अर्ज कपाटात तसाच राहिला, कोपऱ्यावर माकडाचे दात मिरवत.

*

पौषातली संकष्टी. दुपारचं ऊन डोंगरावर सायीसारखं पसरलेलं. बाई अर्धी रजा टाकून आल्या होत्या. पायऱ्यांवर मध्ये एका कट्ट्यावर दोघं टेकली. समोर कुकडीकाठची हिरवी रानं दिसत होती.

"सुदर्शनला काल सांगून टाकलं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, देवानं कौल दिलाय. उजवी जुडी ढळली. अजून तीन वर्षं नोकरी."

"कसला कौल?"

त्यांनी आईची रीत सांगितली. ऐकता ऐकता कुंडलिकरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"त्या दिशी? आपुन आत गेलो तवा?"

"हो. का?"

ते उठले. दोन पायऱ्या उतरले. पाठ करून उभे राहिले, डावा खांदा आणखीच उतरलेला. बाईंना क्षणभर वाटलं, हे आता तसेच निघून जातील...

"बाई," ते तसेच पाठमोरे बोलले, "आदी डावी जुडी पडली व्हती."

"काय?"

"तुमी डोळं झाकल्यालं. म्या पायलं, डावी जुडी खाली पडली. देवाच्या दुर्वा, कुनाचा पाय लागंल म्हनून उचलली, कपाळाला लावली, आन् परत जाग्यावर ठिवली. ठिवताना माझी बाही लागून उजवी पडली. मला काय ठावं कौल हाये म्हनून!" ते अजून वळले नव्हते. "तो कौल देवाचा न्हाई, बाई. माझ्या बाहीचा. देवानं तुमाला पुण्याला जा म्हनून सांगितलंय."

माकडांचं एक लेंढार कठड्यावरून पळत गेलं. बाईंनी दुर्वांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"हे नसतं सांगितलं तर मला कधी कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"न्हाई."

"आणि मी इथंच राहिले असते."

"व्हय." ते म्हणाले, "तेच तर. तुमी ऱ्हावं आसं लई वाटतं. म्हनून तर... गप ऱ्हाता येईना."

बाई उठल्या आणि एकट्याच वर गेल्या.

गाभाऱ्यात त्या किती वेळ बसल्या कोण जाणे. जुड्या टेकवल्या नाहीत. नुसत्या वाहिल्या. मागच्या वेळी उजवी जुडी दिसली तेव्हा काय झालं होतं, ते त्या आठवत राहिल्या. छातीवरचं ओझं कसं उतरलं होतं... डावी दिसली असती तर? तर कदाचित त्यांनी पुन्हा एक आवर्तन म्हटलं असतं. देवाशी लबाडी केली असती. चाळीस वर्षं संकष्ट्या करणाऱ्या बाईनं!

त्यांना एकदम हसू आलं. पोरांसमोर खडू धरायला हात अजून शिवशिवतो, मग थकवा कसला? थकवा होता तो संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरण्याचा. त्याला त्या 'नोकरी' म्हणत होत्या. पुण्याच्या खोलीतही त्यांनी तेच कुलूप सोबत नेलं असतं.

'इतकी वर्षं पाठ दाखवलीस,' त्या देवाला मनात म्हणाल्या, 'आणि मीही पाठच बघत बसले.'

त्या उतरल्या तेव्हा कुंडलिकराव त्याच पायरीवर होते. थर्मास मांडीवर, झाकण बंद.

"कुंडलिकराव, एक सांगा. त्या दिवशी तुम्हाला माझ्यापर्यंत कोणी आणलं?"

"आँ? ...माकडानं."

"आणि माकडाला कोणी पाठवलं?"

त्यांनी वर, लेण्याकडे पाहिलं.

"डावी जुडी ज्यानं पाडली, त्यानंच ती तुमच्या हातानं उचलूनही घेतली. बाहीसुद्धा त्यानंच दिलेली." बाई त्यांच्या शेजारी बसल्या, मध्ये फक्त एका पिशवीचं अंतर ठेवून. "अर्ज फाडणार आहे मी. अठ्ठावन्न पुरी करूनच घरी बसेन. पण एक अडचण आहे."

"कसली?"

"मला सहाची गाडी असते. पहाटे उठून चहा करायचा मला भारी कंटाळा. आणि तुम्ही तर साडेतीनला उठता..."

कुंडलिकरावांना कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. पांढऱ्या मिशा थरथरल्या.

"बाई... तुमी... म्हंजी आपुन—"

"अंहं!" बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. "पौष चालू आहे. पौषात असलं बोलू नये."

"मंग... किती दिस उरलाय पौष?"

"अकरा."

"अकरा दिस गप ऱ्हातो," ते म्हणाले. लगेच काळजीनं, "च्या तर चालंल ना पौषात?"

वैजयंतीबाईंनी मधली पिशवी उचलून पलीकडे ठेवली, आणि पेल्यासाठी हात पुढे केला.