पहिल्या खेपेला मागे बसायचं

ट्रक दुकानासमोर येऊन थांबला तेव्हा राजश्रीच्या हातात हातोडी होती. स्प्रिंगचा पाटा कुठे तडकला आहे, हे ती आवाजावरून ओळखायची. मागच्या चाकाशी वाकून तिने हातोडी उगारली, तेवढ्यात कुणीतरी मध्ये हात घातला.

"वाजवू नका... आत झोपल्यात."

"कोण?"

"बाया." मग तो गडबडला. "म्हंजे... माश्या. मधाच्या. सहा पेट्या हायत, लाखभर तरी असतील."

राजश्रीने ट्रकच्या फळीला कान लावला. आतून एक संथ, उबदार गुणगुण येत होती.

"लाखभर बायांना घेऊन फिरता," ती म्हणाली, "आणि माझ्या एकटीच्या हातोडीला घाबरता?"

तो हसला. आधी डोळ्यांनी, आणि बऱ्याच वेळाने ओठांनी.

त्याचं नाव जालिंदर. गाव माळशिरसकडचं. सूर्यफूल, डाळिंब, करडई – जिथे फुलोरा असेल तिथे पेट्या न्यायच्या, हे त्याचं काम. ट्रक लष्कराच्या लिलावातला, चारही चाकांना जोर असलेला. आणि दुकान राजश्रीला काम शिकवणाऱ्या शरणप्पांचं, अक्कलकोट रस्त्यावरचं. तीन वर्षांपूर्वी गुडघे गेल्यापासून अप्पा खुर्चीत बसून असत आणि पाट्यांचं काम राजश्री बघत असे. येणारा प्रत्येक जण तिलाच विचारायचा, "मिस्त्री कुठं हायत?"

जालिंदरने विचारलं नाही. तो म्हणाला, "मिस्त्री, जरा बघता का?"

एवढंच. पण ते तिच्या मनात दिवसभर राहिलं.

दुखणं असं होतं – खडकाळ चढावर जोर दिला की ट्रकचं मागचं अंग थडथड उडायचं. चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, महिन्यात तीनदा तुटला होता. त्या हादऱ्यांनी पेट्यांमधली पोळी मोडत होती.

"होटगीच्या पुढं माळावर करडई फुललीय," तो म्हणाला. "तितं पेट्या नीट चढल्या तर ठीक. न्हाय तर रविवारी ट्रक देऊन टाकणार. गिऱ्हाईक तयार हाय. पुण्यात मावसभावानं गोदामात काम बघितलंय."

"आणि माश्या?"

"त्या बी देणार."

रविवारला अजून आठ दिवस होते. राजश्रीला त्या रविवारचा उगाचच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती घरून डब्यात कणीक मळून घेऊन आली.

"पोळ्या करणार व्हय हितं?"

"तुमच्यासाठी? हात धुऊन बसा की!" असं म्हणत ती ट्रकखाली शिरली. आसाच्या मधल्या लोखंडी गोळ्याच्या तोंडावर तिने कणकेचा मूठभर उंडा चिकटवला. मग जालिंदरने दुकानामागच्या चढावर ट्रक एकदा जोरात चढवला. उतरून बघतात तो उंडा सांगाड्याच्या वरच्या पट्टीला लागून पार चपटा झालेला.

"बघा, पापड झाला. एवढं तोंड वर उचलतंय त्याचं."

"पर का?"

तिने करवतीचं एक जुनं पातं घेतलं. "हे टोक धरा. घट्ट." दुसरं टोक स्वतः धरून तिने ते हळूहळू पिळलं. पातं मध्ये सापासारखं वळलं. "जोर चाकाला जायच्या आधी आसच असा पिळवटतो. पाटे बिचारे वळतात, वळतात... आणि मग सोडून देतात." तिने सोडलं. पातं थरथरत त्याच्या हातात राहिलं. "ती तुमची थडथड. त्यात कुणीतरी ट्रक उंच करायला पाट्याखाली ठोकळे घातलेत, त्यानं आणखी पिळतंय. कळलं?"

"व्हय."

"काय कळलं?"

"...परत एकदा दाखवा."

अप्पा खुर्चीत खोकले.

तीन दिवस खपून तिने ठोकळे काढले आणि एक जाड लोखंडी दांडी बसवली. मागचं टोक आसाला, पुढचं चॅसीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला. दोन्ही टोकं पक्की, हलायला जागाच नाही. आता पिळवटून दाखव म्हणावं! या कामावर ती खूश होती.

अप्पांच्या दुकानात एक रीत होती. ज्याने काम केलं, त्याने पहिल्या खेपेला मागे, त्या आसाच्या वर बसून जायचं. म्हणजे काम कुठे कुरकुरतं ते कानावर पडतं, आणि गिऱ्हाइकालाही भरवसा येतो. अप्पा जन्मभर असे बसून गेले होते.

"राजव्वा, जा," अप्पा म्हणाले.

राजश्रीने रस्त्याकडे पाहिलं. समोरचा चहावाला, पंक्चरवाला, सगळे ओळखीचे. एकट्या तरुण माणसाच्या ट्रकमध्ये ती बसून निघाली की शुक्रवार पेठेतल्या घरी तिच्याआधी बातमी पोचणार...

"दुसरं काम आहे की," ती पुटपुटली.

"न्हाय आलात तरी चालंल," जालिंदर म्हणाला. पण त्याचा आवाज जरासा खाली उतरला होता.

शुक्रवारी सकाळी तो परत आला. ट्रक तिरका चालत होता. मागे सहाऐवजी पाचच पेट्या होत्या; सहावी चढावर पडून फुटली होती.

"रस्ताच लई खराब होता," खाली बघत तो म्हणाला. "तुमचं काम झ्याक होतं."

राजश्री ट्रकखाली गेली. दांडी शाबूत होती. पण चॅसीकडचा जोड मुळापासून उपटला होता. तिथे पाठीवर पडल्या पडल्या तिला सगळं दिसलं. चाक दगडावर चढलं की आस वर जातो, थोडा मागेही सरकतो. त्याला सरकायला तिने जागाच ठेवली नव्हती. पिळवटणं थांबवायच्या नादात तिने त्याचं हलणंच बंद केलं होतं. आणि ती मागे बसून गेली असती तर पहिल्याच दगडाला तो जोड कण्हताना तिला ऐकू आला असता.

ती बाहेर आली. तीन वर्षांत हे वाक्य तिने कुठल्याच गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं. एकदा म्हटलं की पुन्हा "मिस्त्री कुठं हायत" सुरू होईल, अशी तिला भीती होती.

"रस्ता खराब नव्हता. मी चुकले."

"अहो, चूक कसली..."

"मी चुकले म्हणतेय ना! त्या पेटीतल्या वीस हजार गेल्या त्या माझ्यामुळं. आणि आले नाही, ते काम होतं म्हणून नाही. लोक बघतील म्हणून."

जालिंदरने मान वर केली. "आन् आता?"

"आता बघू देत."

त्या दिवशी भट्टी दुपारपर्यंत विझली नाही. या वेळी दांडीचं पुढचं टोक तिने एका झुलत्या कडीवर टांगलं, रबरी बुशची गादी घालून. गोळ्याचं तोंड वर उचलायला गेलं तर अडवेल, पण पुढे-मागे झुलू देईल. जालिंदर भाता मारत होता. घाम पुसायला त्याने तिच्यापुढे आपला गमछा धरला. तिने तो घेतला आणि परत द्यायला विसरली.

शनिवारी पहाटे, माश्या पेटीत असतानाच निघायचं होतं. अप्पा खुर्चीतून म्हणाले, "राजव्वा, पोतं घेऊन बस, हाडं मोडतील." आणि जालिंदरला धाकट्या भावासारखी हाक मारत, "ए तम्मा, सावकाश."

ती मागे बसली, पाच पेट्यांच्या मध्ये. चहावाल्याने पाहिलं. पंक्चरवाल्यानेही पाहिलं. तिने दोघांना हात केला.

माळाचा चढ आला. डावं चाक एका दगडावर चढलं... राजश्रीने कान टवकारले. पाटे दबले, कडी हळूच झुलली, आणि ट्रक म्हशीसारखा शांतपणे वर सरकला. पेट्यांतली गुणगुण जराही बदलली नाही.

पुढून हाक आली. "मिस्त्री, हायसा न्हवं?"

"आहे की! का?"

"काईच आवाज आला न्हाय म्हणून इचारलं."

"आवाज येऊ नये म्हणूनच काम केलंय. पुढं बघा!"

वर पोचले तेव्हा उजाडत होतं. करडईचं पिवळं रान लांबवर पसरलं होतं. पेट्या उतरवून होतात न होतात तोच जालिंदरचा फोन वाजला. ट्रकचं गिऱ्हाईक होतं. राजश्री पाठमोरी होऊन उगाच एका पेटीवरची धूळ पुसायला लागली.

"न्हाय, पाव्हणं," तिला ऐकू आलं, "उद्या येऊ नका. ट्रक द्यायचा न्हाय... व्हय, कायमचंच सांगतोय."

तिचा हात धुळीवर तसाच थांबला.

"गोदाम?" तिने न वळताच विचारलं.

"मावसभावाला सांगतो, दुसरा कोण तरी बघ म्हणून."

त्याने एकेका पेटीचं दार उघडलं. माश्या बाहेर आल्या, पण फुलांकडे गेल्या नाहीत. पेटीकडे तोंड करून हवेतच तरंगत राहिल्या, डावीकडे, उजवीकडे, हळूहळू मोठे झोके घेत.

"ह्या जात का नाहीत?"

"नवी जागा हाय न्हवं. लांब जायच्या आधी घराचं तोंड पाठ करत्यात. एकदा पाठ झालं, की कितीबी लांबनं परत येत्यात."

ती बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, तो माश्यांकडे बघतच नव्हता.

"काय बघताय?"

जालिंदर कानापर्यंत लाल झाला. पण या वेळी त्याने नजर खाली घेतली नाही.

"पाठ करतोय," तो म्हणाला.

राजश्रीने डोक्यावरची ओढणी मागे सारली. आणि त्याला नीट दिसावं म्हणून उजेडाकडे तोंड करून उभी राहिली.